पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट

आमच्या नात्यात कुणाला सिगारेट सोडायची असली की त्याला माझ्या सासऱ्यांकडे पाठवत. त्यांनी ती पंधरा वर्षांपूर्वी एका दिवसात सोडली होती. निदान सासूबाई तसं सांगत, आणि सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट तपासून बघायची आमच्याकडे पद्धत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सासऱ्यांची ओळख करून दिली ती अशी: लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं स्वतःचं दुकान, डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, आणि सिगारेट सोडलेली. दुकानाबद्दल त्या बसून बोलल्या. सिगारेटबद्दल बोलताना उठून उभ्या राहिल्या.

सासरे अशा वेळी खाली मान घालायचे. मला वाटायचं, काय हा विनय.

गेल्या वर्षी त्यांना हर्निया निघाला. जड चौकटी उचलून उचलून पोटाची भिंत एका जागी सैल झाली होती. मीच त्यांना सर्जनकडे घेऊन गेलो. सासूबाई बरोबर होत्या. सर्जनने विचारलं, "सिगारेट वगैरे?" सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पंधरा वर्षांपूर्वीच सोडली. एका दिवसात."

"उत्तम," सर्जन म्हणाले. "नाहीतर मी आधी सोडायला लावली असती. ऑपरेशननंतर खोकल्याची उबळ आली की टाके ताणले जातात, जखमही लवकर भरत नाही. मग केलेलं सगळं पाण्यात."

दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. जिना उतरताना सासऱ्यांचा चेहरा पडला होता. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "घाबरलेत."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, जरा दुकानावर येऊन जा. एकटेच या."

दुकानाच्या मागे पत्र्याची शेड आहे. सासरे तिथे स्टुलावर बसले होते. मी समोर टेकलो तशी त्यांनी खिशातून सिगारेट काढली, नुकत्याच जोडलेल्या सळईच्या लाल टोकाला टेकवली आणि पेटवली.

"ओरडू नका," ते म्हणाले.

मी ओरडलो नाही. मी विचारलं, "परत कधी सुरू केलीत?"

"परत नाही. तीच आहे. विशीच्या आत धरलेली."

पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी खरंच सोडली होती. आठवडाभर. तेवढ्या आठवड्यात सासूबाईंनी ही बातमी बहिणींना, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि बँकेतल्या बाईंना सांगून टाकली. मग एके दिवशी एक फाटक तिरकं बसलं, गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून उद्धार केला, आणि तो गेल्यावर सासऱ्यांनी एक ओढली.

"म्हटलं, आज घरी गेलो की हिला सांगून टाकू. गेलो, तर हिची बहीण मिठाई घेऊन आलेली. माझ्या अभिनंदनाला. आता तोंडात मिठाई घेऊन कसं सांगायचं? म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या काही उजाडला नाही."

"पण इतकी वर्षं आईंना वास कसा नाही आला?"

"येतो की. वेल्डिंगचा धूर, रंग, टर्पेंटाइन, सगळं एकत्र येतं. ती त्याला धंद्याचा वास म्हणते." त्यांनी धूर सोडला. "माझी अक्कल बघा. सोडल्याला दहा वर्षं झाली म्हणून हिने मला नवा शर्ट घेतला. तो घालून मी कोपऱ्यावर जाऊन दोन ओढून आलो. एक नेहमीची, एक आनंदाची."

आता पेच असा होता की टाके टिकायचे तर सिगारेट खरोखर सुटायला हवी, आणि ती सोडतोय हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण ती कधीच सुटलेली होती.

"आईंना सांगून का टाकत नाही?" मी विचारलं.

"ती ओरडेल, ते मी ऐकून घेईन. ऐकायची सवय आहे, आणि एक कान तसाही मदत करतो. पण माझ्या जिवावर ती चार माणसांत मान वर करून बोललीय. ती मान खाली गेलेली मला बघवणार नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही इंजिनियर आहात. मोठमोठ्या भट्ट्या बंद करता. मला बंद करायची काही युक्ती सांगा."

मी कारखान्यात भट्ट्यांच्या नियंत्रणाचं काम करतो. भट्टी एकदम बंद केली तर आतल्या विटा तडकतात. तिला टप्प्याटप्प्याने थंड करावं लागतं. मला स्वतःला चहापलीकडे कसलं व्यसन नाही, त्यामुळे दुसऱ्याचं कसं सोडवावं याबद्दल माझी मतं पक्की होती. मी फोनवर एक उतरता आलेख काढला. रोज थोड्या कमी, की शेवटी शून्य. सासरे त्याकडे मोठ्या आदराने बघत राहिले.

आठवड्याने कळलं की कमी झालेल्या सिगारेटी ते बोट भाजेपर्यंत ओढतात आणि मधला सगळा वेळ पुढच्या सिगारेटची वाट बघतात. काम ठप्प. "तुमची रेघ खाली जातेय," ते म्हणाले, "आणि माझी तलफ वर जातेय. तिचाही एक आलेख काढा."

मग मी त्यांना तोंडात धरायला प्लास्टिकची पोकळ नळी नेऊन दिली. ओठांना काहीतरी लागतं, असं कुठेतरी वाचलं होतं. सासऱ्यांनी ती ओठांत धरली आणि सवयीने लाल सळईला टेकवली. मिशीची एक बाजू गेली. घरी ठिणगी उडाल्याचं सांगितलं. कल्पना माझी, मिशी त्यांची.

त्या दिवसापासून त्यांनी माझा सल्ला घेणं बंद केलं आणि सिगारेटही एकदम बंद केली. दोन्हींचा संबंध असावा.

पण सिगारेट नुसती तोंडात नसते, हे तेव्हा मला कळलं. जोड मारला की तो थंड होईपर्यंत सासरे एक सिगारेट ओढायचे. ती संपली की लोखंड हातात घेण्याजोगं झालेलं असायचं. उभा जन्म हाच त्यांचा हिशोब. आता सिगारेट नाही म्हटल्यावर जोड कधी थंड झाला ते हाताला कळेना. उचलायचे आणि चटका बसायचा. बोटांवर फोड आले. एका फाटकाच्या बिजागऱ्या उलट्या बाजूला लागल्या; ते फाटक उघडायचं ते थेट गिऱ्हाइकाच्या फुलझाडांवर. दुकानातल्या दोन कारागिरांशी त्यांचं भांडण झालं, आणि तिसऱ्याशी झालं नाही कारण तो रजेवर होता.

घरी तर ते बसले जागी धुमसायचे. पाणी गरम का, पाणी गार का, दार कुणी लोटलं. सासूबाई फोड बघायच्या, अर्धी मिशी बघायच्या आणि पाणी बदलून आणायच्या. एका रविवारी मी आणि बायको जेवायला गेलो होतो. सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा सासूबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"अहो, ऑपरेशनला एवढं कशाला घाबरायचं?" त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "ज्या माणसाने एका दिवसात सिगारेट सोडली त्याला हे काय अवघड आहे? ते दिवस आठवा. तेव्हा तरी चिडला होतात का कुणावर?"

सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घास न चावता गिळला.

"बाबांचं आणि तुझं हल्ली काय चाललेलं असतं?" घरी जाताना बायकोने विचारलं. मी म्हणालो, "बिजागऱ्या." खोटं बोलायला मला शिकवावं लागत नाही, पण जमत मात्र नाही.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंचा भाचा आला. टॅक्सी चालवतो. मावशीनेच बोलावलं होतं: काकांना भेट, चार शब्द ऐक, सोडून टाक. असे भाचे-पुतणे आले की सासरे ठरलेलं एक वाक्य बोलायचे, "मनावर घेतलं की झालं," आणि सासूबाई चहा आणायच्या. मीही तिथेच होतो. औषधांची पिशवी द्यायला आलो होतो.

"काका, खरं सांगू का," भाचा म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं मनावर घेतलं. तिसऱ्या दिवशी एका प्रवाशाला भर रस्त्यात उतरवलं. माझंच मन कच्चं म्हणायचं."

"कोण म्हणतो कच्चं?" सासरे म्हणाले.

"तुम्हीच. मागच्या खेपेला."

"मी गाढव आहे. मनाचं काय घेऊन बसलास? हात ऐकत नाहीत. खिशात काही नाही हे माहीत असतं, तरी हात खिशात जातोच. जेवण झाल्यावर जेवण झालंय असं वाटत नाही. शिंक आली तरी कुणालातरी मारावंसं वाटतं. लोक नुसते उभे असतात ना, तोच राग येतो. हे असे उभे का, म्हणून. आणि कुणाला सांगायचं? मी तर..."

ते थांबले. चहाचा ट्रे घेऊन सासूबाई दारात उभ्या होत्या. मी औषधांच्या पिशवीत डोकं घातलं.

"बघ," सासूबाई भाच्याला म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली, पण किती लख्ख आठवतंय यांना."

भाचा जाताना सासऱ्यांना वाकून नमस्कार करून गेला. तो गेल्यावर सासरे मला म्हणाले, "आज पहिल्यांदा खरं बोललो, तर आणखी मोठा झालो. आता मला यातून कोण सोडवणार?"

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. माझ्याच वयाच्या बाई होत्या. सासऱ्यांनी सिगारेट खरोखर सोडल्याला तोवर महिना झाला होता. मला वाटत होतं, जिंकलो. टाके टिकतील आणि कुणाला काही कळणारही नाही.

डॉक्टरबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. "सिगारेट?"

"पंधरा वर्षांपूर्वी सोडली," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी परत ऐकलं. "खोका," म्हणाल्या. परत ऐकलं. "पंधरा वर्षं? मग छाती याहून मोकळी हवी होती. वेल्डिंगचा धूर असेल, किंवा दुसरं काही असेल. आपण आधी स्कॅन करून घेऊ, गाठबिठ नाही ना ते बघू. तोवर ऑपरेशन थांबवू."

त्या सहज बोलल्या, रोजचंच त्यांचं. पण गाठ हा शब्द ऐकून सासूबाईंनी माझी बाही घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग शर्टाचं एक बटण लावलं, ते काढलं, परत लावलं.

"डॉक्टरबाई, पंधरा वर्षं खोडा," ते म्हणाले. "महिना लिहा."

"म्हणजे?"

"महिन्यापूर्वी सोडली. त्याआधी एक दिवस चुकला नाही. छातीत जे काही आहे ते त्याचंच आहे. हिला घाबरवू नका."

डॉक्टरबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, मग कागदावर लिहिलं. "मग हिशोब जुळतो. स्कॅन तरीही करू, पण महिन्याच्या मानाने छाती चांगली आहे. रिपोर्ट ठीक आला तर तारीख बदलणार नाही. या वयात, इतक्या वर्षांनंतर महिनाभर? अभिनंदन."

सासऱ्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय.

स्कॅन त्याच दिवशी झाला. रिपोर्टसाठी आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. सासूबाई मध्ये एक खुर्ची सोडून बसल्या होत्या, समोरच्या भिंतीकडे बघत. मग म्हणाल्या, "दूधवाल्यालासुद्धा सांगितलं होतं मी."

"माहीत आहे," सासरे म्हणाले.

"आता मी त्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. सोडलीय, एवढं तर आता खरं आहे."

"म्हणजे आता मीही खोटं बोलू."

इंजिनियर म्हणून काही सुचतंय का ते मी बघितलं. काही सुचत नव्हतं. सासूबाईंची नजर त्यांच्या बोटांवरच्या फोडांवर गेली.

"हे सोडल्यामुळेच का?"

"हो."

"मिशी?"

"ती जावईबापूंमुळे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा आणायला उठलो. कँटीनमध्ये रांग होती. तीन कप सांभाळत परत आलो, तर सासूबाई मधल्या खुर्चीवर सरकल्या होत्या आणि सासरे बोलत होते. पहिल्या दिवसापासून. हात खिशात कसा जातो, लोखंड कसं चटके देतं, कारागिरांना काय काय बोललो, पहाटे उठून बसायचो आणि तू विचारलंस तर पोट दुखतं म्हणायचो. महिनाभर ज्याला कुणाला सांगता आलं नव्हतं तो माणूस श्वास न घेता सांगत होता. मी चहा पुढे केला, तो त्यांनी न बघता घेतला.

"आणि त्या रविवारी," ते म्हणाले, "मी ताट सारलं, तेव्हा तू शेजारी येऊन बसलीस ना..."

एवढ्यात रिपोर्टच्या खिडकीवरून आमचं नाव पुकारलं. सासरे उठायला लागले. सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

"ते जातील," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला. तुमचं सगळं होऊ दे एकदाचं. मग मला बोलायचंय, आणि मला वेळ लागणार आहे."