उघड्या डोळ्यांची झोप

तलासरीला एका लग्नात नव्या नवरीने मला माझ्या नवऱ्याची मोठी बहीण समजून वाकून नमस्कार केला. पापण्यांची कातडी डोळ्यांवर उतरली होती, हे खरं. पण सगळे हसले, नवरा तर सगळ्यांत जोरात. महिन्याभरात मी वापीला जाऊन पापण्यांचं ऑपरेशन करून आले. डॉक्टर थोडीच कातडी काढणार होते, मीच हट्ट धरला की चांगली भरपूर काढा.

चेहरा उजळला, पण झोपेत पापण्या पुऱ्या मिटेनात. अर्धं बुबुळ उघडंच. नवरा म्हणाला, "आता वाडीच्या राखणीला कुत्रं नको." मी त्याला दोन दिवस कोरडी भाकरी वाढली.

आमची चिकूची वाडी कोसबाडच्या रस्त्याला. दुपारी शेडमध्ये जवळच्या कैनाड गावच्या बाया चिकू निवडायच्या आणि मी दाराशी खुर्ची टाकून बसायचे. जेवणानंतर माझा डोळा लागला की त्या गोणपाटावर आडव्या व्हायच्या, हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला बीपीचा त्रास. तिला त्या अर्ध्या तासाची फार गरज होती.

ऑपरेशननंतर मी डुलकी काढून उठायचे, तर बाया कामालाच लागलेल्या! त्यांना वाटायचं, बाई बघतेय. आठवड्यात माझ्या लक्षात आलं. पापण्या दुरुस्त करायला डॉक्टरांनी बोलावलं होतं, पण चिकूचा टेम्पो रोज तासभर आधी भरत होता, मग मी कशाला जाऊ? वर एकदा म्हातारीला पाणी द्यायला उठलेल्या तिच्या सुनेला मी सगळ्यांदेखत झापलं, की मी सांगितल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी मला जाग आली, तेव्हा म्हातारी क्रेटवर पालथी पडली होती. बाकीच्या बाया चिकू निवडत होत्या, माझ्याकडे बघत. सून रडत होती, पण तिचेही हात चालूच होते. मी किंचाळले, तेव्हा कुठे त्या उठल्या.

म्हातारीची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून तिला घरी आणल्यावर मी चहा-साखर घेऊन कैनाडला गेले. माझी मला लाज वाटत होती. सून दारातच उभी राहिली.

"ती पडली तवा तू बगत व्हतीस, बाय," ती म्हणाली. "तू कायच नाय बोललीस. मंग आमी कशा उठू?"

मी झोपले होते, एवढंच सांगायचं होतं. ते कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून साऱ्या जणी पुन्हा गोणपाटावर आडव्या झाल्या असत्या.

"मला वाटलं, जरा टेकलीय," मी म्हणाले.

सुनेने चहा-साखरेची पिशवी घेतली आणि उद्या किती वाजता यायचं ते विचारलं.