रंगाचा डबा आणि बाजाचं तोंड

बाजाला तोंड नव्हतं.

ती गॅरेजच्या दारात तशीच उभी राहिली. हातावर कोट होता. ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून ओरडता आलं नाही.

टेबलावर बाजा आडवा पडला होता. कळा जागच्या जागी, नळ्यांची वेटोळी जागच्या जागी. पण ते रुंद पितळी तोंड, जे ती दर रविवारी जुन्या मऊ फडक्याने घासून लखलखीत ठेवायची, ते गळ्यापासून करवतीने कापलेलं. कापही कसा, एकसारखा. रागाच्या भरात केलेलं काम नव्हतं ते. शांत डोक्याने केलेलं होतं.

मग तिला तोंड दिसलं. ते रंगाच्या एका रिकाम्या डब्याला कथलाचा डाग देऊन जोडलेलं होतं.

टाचण्या एकेक करून तिने कोटाला टोचल्या. "अहो, हे काय केलंत?"

"डबा," बाजेवाले मान वर न करता म्हणाले. "गाडीचा. हवेचा."

कोपऱ्यात पालथ्या बादलीवर शेजारचा रंगारी बसला होता. तो घाईघाईने म्हणाला, "वहिनी, रंगाचा डबा तेवढा माझा हं. बाकीचं पाप यांचं."

ती हसली नाही.

बाजेवाल्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. दिवसभर कारखान्यात पत्रा वाकवायचा आणि संध्याकाळी कारखान्याच्याच बँडमध्ये हा भला थोरला बाजा वाजवायचा, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. स्थळ घेऊन आलेली तिची मावशीही म्हणाली होती, "मुलगा बाजा वाजवतो. पण घाबरू नकोस, पगार पत्र्याचा मिळतो." निवृत्त झाल्यावर बँड सुटला. बाजा कपाटावर गेला आणि घरात गाडी आली. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, दोघांच्या लग्नाहून जुनी. तिचा हवेचा डबा गंजून त्याची चाळण झाली होती. गाळणी त्याच्या आतच बसायची. डबा फुटका, म्हणजे रस्त्यावरची धूळ थेट इंजिनाच्या पोटात. त्या वयाच्या गाडीचा नवा डबा कुठे मिळेना. मग बाजेवाल्यांनी स्वतःच करायला घेतला.

इथवर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात बँडमास्तर घरी आले होते. कारखान्याच्या मैदानावर सगळे जुने वाजवणारे एकदा जमणार होते. "येणार ना?" त्यांनी विचारलं. बाजेवाल्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "येणार म्हणजे काय? येणारच!"

तेव्हापासून ती कोटाच्या मागे लागली होती. दिवसभर लोकांचे कपडे शिवायची आणि उरल्या वेळात बँडचा कोट पोटावर सैल करायची. सराव कधी करणार म्हणून विचारलं, की उत्तर तयार असे. ओठ फुटलेत. कळ अडकतेय. आधी गाडीचा डबा होऊ दे. तिने सगळं खरं धरलं. ते पुन्हा वाजवणार, या एका गोष्टीवर तिचा महिना चालला होता.

"दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला?" तिचा आवाज फुटला. "घरात नरसाळी नव्हती? मला सांगायचं, माझ्या मशीनचं झाकण दिलं असतं!"

"असा निमुळता होत जाणारा गळा पत्र्यातून वळत नाही गं. यातून हवा कशी शहाण्यासारखी आत जाते."

"आणि वाजवणार कशाने? रंगाच्या डब्याने?"

रंगाऱ्याला खोकला आला. तो विषय बदलायला म्हणाला, "वहिनी, काम मात्र चोख झालंय. आत्ताच तपासलं. हवा कुठून निसटत नाही."

तपासायची रीत बाजेवाल्यांची होती, बँडमधली. बाजाची नळी कुठे गळतेय ते बघायचं, तर एक तोंड बंद करायचं, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि दुसरीकडून फुंकायचं. गळत असेल तिथे बुडबुडे येतात. डब्यालाही त्यांनी तेच केलं होतं. पितळी तोंडावर पाट दाबला, डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या नळीतून फुंकलं. फेस हलला नव्हता.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"अगं, झालंय ते."

"द्या म्हणते ना! माझ्या बाजाचं काय केलंत ते मलाही बघू दे. भावजी, पाट धरा."

तिने नळी तोंडात घेतली आणि होता नव्हता तेवढा राग आत फुंकला.

डब्याचा सांधा फसफसला. एका जागी नाही, तीन जागी. बुडबुडे फुगून टेबलावर ओघळले.

रंगारी बुडबुड्यांकडे बघत होता. ती नवऱ्याकडे. नवरा भिंतीकडे.

"तुम्ही फुंकलं होतं ना?" तिने विचारलं.

"फुंकलं होतं."

"जोरात?"

बाजेवाले म्हणाले, "माझं जोरात तेवढंच आहे आता."

ती कोटासकट गाडीच्या पायरीवर बसली. या माणसाच्या फुंकेने एके काळी मैदानाच्या पलीकडची कबुतरं उडायची.

मग एकेक गोष्ट तिच्यापुढे उलटी होऊन उभी राहिली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबायचे. शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायचे, कोरफड किती वाढली ते सांगायचे. म्हातारपणी झाडांची आवड लागली, असं ती बहिणीला कौतुकाने सांगत होती. चहा फुंकून पिणं सोडलं होतं. तिला वाटलं, गार चहा आवडायला लागला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आहे तेवढा दम जपून वापरा म्हणाले."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू बँडमास्तरांना हो म्हणालीस. किती खूश होतीस." त्यांनी टेबलावरचा बाजा उगीच सरळ केला. "कपाटावर नुसता बघवत नव्हता. म्हटलं, निदान हवा तरी जात राहील त्यातून."

रंगारी हळूच उठला. "मी जरा..." एवढंच म्हणाला आणि निघाला.

"बसा भावजी," ती म्हणाली. "पाट कोण धरणार?"

तिने कोट बाजूला ठेवला. बाजेवाल्यांनी सांधे पुसून पुन्हा डाग दिले. तिने फुंकलं. एक बुडबुडा आला. तिथे पुन्हा डाग. तिने पुन्हा फुंकलं. गाल दुखायला लागले. या खेपेला फेस हलला नाही, आणि तिच्या फुंकेवर कोणालाच शंका नव्हती.

डबा बसवून त्यांनी गाडी सुरू केली. पितळी तोंडातून एक खोल, भरलेला घुमारा निघाला. बाजेवाले मान कलती करून ऐकत राहिले.

"सूर जरा उतरलाय," ते म्हणाले.

"गाडी आहे ती," ती डोळे पुसत म्हणाली. "तिच्या सुरात तरी खोट काढू नका."

घरी जाताना कोट तिच्या हातावर होता. मास्तरांना काय सांगायचं ते तिने ठरवलं होतं. जे आहे ते. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती त्यांच्या आधी थांबली आणि कुंडीवर वाकली.

"कोरफड बघा हो," ती म्हणाली. "केवढी झालीय."