न जोडलेली वायर

मी हिशेबी माणूस. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असं म्हणवत नाही. घडलं तेवढं सांगतो.

वडूजला आमचं छोटं मंगल कार्यालय आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. पत्नी शालन पक्षाघातानंतर अंथरुणालाच होती. लग्नाच्या गोंगाटात मला तिची हाक ऐकू यायची नाही, फोनचंही तेच. म्हणून आमच्या साउंडवाल्या मुबारकनं एक युक्ती केली. ॲम्प्लिफायरच्या मागे रिमोट म्यूटचे दोन पॉइंट असतात. ते एकमेकांना जोडले की आवाज बंद, आणि म्यूटचा दिवा लागतो. त्यांना चाळीस फूट वायर लावून त्यानं बटण वर शालनच्या उशाशी नेलं. तिनं ते दाबून धरलं की खाली गाणं थांबायचं आणि मी जिना चढायचो. वाढपी हसायचे — "पळा काका, हायकमांडचं बोलावणं आलं." हे शालनला सांगितलं की तीही हसायची... अर्ध्या ओठांनी.

त्या दिवशी आमचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला सांगलीला होता. मुबारकनं स्वतःचा आणून लावला, वायर मात्र दुपारी जोडतो म्हणाला. मी शालनला तसं सांगितलं, बटण खिडकीत ठेवलं आणि अधूनमधून येऊन जाईन म्हणालो.

पंगती चालू असताना गाणं थांबलं. म्यूटचा दिवा लागलेला. सवयीनं मी धावलो... निम्म्या जिन्यात लक्षात आलं, वायर तर जोडलेलीच नाही.

शालन घामानं भिजली होती. श्वास अडकत होता. डॉक्टरांना फोन केला आणि तिचा हात धरून बसलो. तिनंच विचारलं,

"आवं, गाणं का बंद केलं?"

"तूच बटण दाबलंस न्हवं?"

"न्हाई वं. ते तिकडं खिडकीत हाय." धापा टाकतच म्हणाली, "जावा, चालू करा. लोकांचं लगीन हाय."

मी गेलो नाही. खाली मुबारक खटपट करत होता, पण दिवा विझत नव्हता, असं त्यानं नंतर सांगितलं. थोड्या वेळानं शालनचा हात माझ्या हातात सैल पडला... आणि खाली गाणं सुरू झालं. शालन गेल्याचं कळल्यावर नवरीच्या वडिलांनीच ते बंद करायला लावलं.

तेराव्यानंतर मी आणि मुबारकनं तो ॲम्प्लिफायर उघडून तपासला. दोष काही नाही. तापून बंद पडला असता तर दुसरा, लाल दिवा लागला असता. वायरची टोकं तर टेप गुंडाळून वेगवेगळी, भिंतीलगत तशीच होती.

"काका, लूज कॉन्टॅक्ट आसंल," मुबारक म्हणाला. माझ्याकडे न बघता.

असेलही. पण कॉन्टॅक्ट लूज व्हायला आधी वायर जोडलेली लागते, हे त्यालाही माहीत आहे.

कार्यालय चालूच आहे. दोन गाण्यांच्या मधे थोडी शांतता असतेच. तेवढ्यात माझं लक्ष जिन्याकडे जातं.