कमळाबाईने पुरवलेली उत्तरं

जांभूळ गावच्या कमळाबाईने जन्मभर नवऱ्याला सांभाळून घेतलं. हरिचंद्र शेतात वाघ, पण माणसांच्या नावांत कच्चा. हळदीला कोणी समोरून आलं की ती पदराआडून पुटपुटायची, मोरिवलीचे व्याही, आणि हा हसून हात जोडायचा. गावात माणुसकीचं नाव याचं, मेहनत हिची. पण बाईला त्यात कौतुकच वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती मूठ उघडायची पाळी आली होती. हरिचंद्र भरदुपारी "घरी जायचाय" म्हणून स्वतःच्याच घरातून निघायचा आणि अडवलं की मारायचा. बायकोचे वळ पोलक्याच्या बाहीखाली. तिला ना झोप, ना धड जेवण. विहीर जवळ करावी असं वाटायचं, पण मागे याला बघणार कोण? मुलगा कल्पेश अंबरनाथला कारखान्यात पाळ्या करायचा. त्याच्यासमोर म्हातारा शहाण्यासारखा वागे, म्हणून तो आईलाच म्हणायचा की बाबांचं वय झालंय, तू उगाच बाऊ करतेस.

आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर म्हाताऱ्या माणसांच्या खास डॉक्टर भेटतात असं कळलं, तेव्हा ती हट्टाने दोघांना घेऊन गेली. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तरी लेकाला पटेल, औषध सुरू होईल. तिच्याकडे एवढी एकच आशा उरली होती.

पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या. हरिचंद्रने त्यांना चहा विचारला, त्या हसल्या. मग प्रश्न सुरू झाले. आज वार कोणता? हरिचंद्रने सवयीने बायकोकडे पाहिलं. पडद्याच्या बाजूला उभ्या कमळाबाईचे ओठ हलले, आणि तो म्हणाला, बुधवार. महिना बरोबर, नातवाचं नावही बरोबर. कल्पेशचं लक्ष पडद्याकडे. आपण काय करतोय हे खुद्द बाईला कळत नव्हतं. चारचौघांत याची फजिती होऊ द्यायची नाही, हे तिच्या अंगातच मुरलेलं.

"वयाच्या मानाने छान आहेत की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कल्पेशने आईकडे वळून पाहिलं.

आता तिच्या लक्षात आलं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कसं, आणि तेही त्याच्यादेखत? पण आज बोललं नाही तर संपलंच. ती पडद्यासमोर आली आणि तिने बाही वर सारली.

"उत्तरां मी सांगत व्हते, डॉक्टर. यांना कायपन आठवत नाय. कधी मना वलखत नाय, मारतान. आता माझ्यानी नाय व्हत."

कल्पेश वळांकडे बघतच राहिला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या की पहिल्यापासून पुन्हा विचारू, या वेळी आईंनी बाहेर थांबायचं.

हरिचंद्रने तिच्या दंडावरून हात फिरवला. "कोनी मारला तुला?" त्याने विचारलं. "नाव सांग मना."

बाही खाली ओढून ती बाहेर आली. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आज वार कोणता. हरिचंद्र "अगं, कुठं गेलीस" म्हणून हाका मारायला लागला. पुन्हा पुन्हा, लहान पोरागत. कमळाबाईने भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबला आणि ओ दिली नाही.