ओडु म्हणजे ओढ नव्हे

लग्न होऊन मी साताऱ्याकडून म्हैसूरला आले, तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. लष्कर मोहल्ल्यात सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान. घरात मराठी बोलत, पण तीही निम्मी कानडी. मी आतल्या आत धुमसत असायचे. कामं हातांनी व्हायची, मी त्यात नसायचेच. तोंडाची चव गेली होती. आईवडिलांनी इतक्या लांब दिलं याचा राग यायचा आणि तो बिचाऱ्या भांड्यांवर निघायचा.

एका सकाळी गल्लीच्या टोकाच्या विहिरीवर मी पाणी शेंदत होते. शेजारच्या कानडी अक्का आपल्या दारातून ओरडल्या, "ओडु, ओडु." मला वाटलं, ओढ म्हणताहेत. ओढतच तर होते. यांना माझा हात संथ वाटतो की काय, म्हणून मी रागारागानं दोर खेचला. त्या आणखी जोरात ओरडल्या, मी आणखी जोरात ओढलं. भरलेला पोहरा कठड्यावर टेकवला, मान वळवली, तर हातभर अंतरावर हत्ती.

लाकडाच्या वखारीत ओंडके वाहणारा तो हत्ती माहुताच्या हातून सुटला होता. गल्ली केव्हाच रिकामी झाली होती. माझे पाय हलेनात. त्याची सोंड माझ्या खांद्यावरून पुढे आली आणि पोहऱ्यात बुडाली. सोंडेवरचे राठ केस मला दिसले, चिखलाचा वास आला, तळहातात रुतलेली दोराची कुसं टोचली, कोपरावरून गार पाणी ओघळलं. कुठल्याशा घरात मोहरी तडतडली आणि मला सपाटून भूक लागली. मला जगायचं होतं. याच गल्लीत, याच घरात, कसंही, पण जगायचं होतं. पोहरा रिकामा होताच त्यानं तो सोंडेनं माझ्याकडे ढकलला. काय करणार, मी पुन्हा शेंदू लागले.

माहूत धापा टाकत आला तोवर स्वारीची तहान भागली होती. मुकाट्यानं त्याच्यामागून निघून गेली.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अय्यो, ओडु म्हणजे पळ की ग. तू ओढत कशाला उभारलीस?" मग त्यांना हसू आवरेना, आणि मलाही. त्या दिवशी मी भात पुन्हापुन्हा मागून घेतला. त्यांनीही तूप वाढताना हात आखडला नाही.

दुपारी अक्का मागच्या दाराशी आल्या. बाहेरूनच हाक घातली, "इद्दिया?"

"आहेस का, विचारतेत," सासूबाई म्हणाल्या. "इद्दीनि म्हण. म्हणजे, आहे."

मी दारापर्यंत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "इद्दीनि." अक्का आत येऊन बसल्यासुद्धा, तरी मी आणखी एकदा म्हणाले.