येऊन राहिलो

पांढुर्ण्यात शिवणमशीन बिघडली की लोक ज्या मिस्त्रींकडे जातात, त्यांच्यासारखा वाजवणारा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही. हे भाबडेपणाने लिहीत नाही. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवून, पोरांच्या चुकांवर लाल रेघा ओढून माझा स्वभाव खडूस झाला आहे. कौतुकाच्या बाबतीत माझा हात आखडताच असतो.

त्यांची गिटार छातीशी धरून वाजवायची नाही. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि पायाखालची पेडलं दाबून वाजत्या तारेचा सूर ताणायचा. पेडल स्टील म्हणतात तिला. नागपूरच्या एका दुकानात कॅटलॉगमधलं चित्र पाहून मिस्त्रींनी ती तरुणपणी घरीच बनवली. शिवणमशीनची जुनी पायडलं, सायकलच्या ब्रेकच्या तारा, सागाची फळी. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याचा घसा बसला की लोक खूश होत, कारण मग ते गाणं मिस्त्री वाजवत.

पण त्यांची खरी करामत वेगळी होती. ते बोलणं वाजवायचे. तिगाव स्टेशनवरची गाडीची घोषणा, भाजीवालीची हाळी, आमच्या मुख्याध्यापकांचं लांबवलेलं ‘बरं का’. कांडी दोन तारांवर हलकेच घसरायची, पाय जरासा दबायचा आणि माणूस समोर उभा राहायचा. शब्द त्यात नसतच, नुसता चढउतार असे, तरी ऐकणाऱ्याला शब्दच ऐकू येत. आधी आम्ही पोट धरून हसायचो. मग हसू ओसरलं की अंगावर काटा यायचा, आणि ज्याची नक्कल झाली तो आलाय का, म्हणून मी दाराकडे पाहायची.

माझं माहेर सौसरचं. बाबांचा रामाकोन्याकडे संत्र्यांचा बगीचा होता. दुपारी ते जेवायला घरी येत आणि फाटकाला हात लावायच्या आधी रस्त्यावरूनच सांगत, “येऊन राहिलो.” पुण्याला शिकायला होते तेव्हा मैत्रिणी आमच्या या बोलीवर हसायच्या. मी फोनवर ‘येऊन राहिली’ म्हटलं की विचारायच्या, तू येते आहेस की येऊन मुक्कामाला राहिलीस? आमच्याकडे याचा अर्थ माणूस वाटेत आहे एवढाच होतो. आई ते दोन शब्द ऐकून चुलीवर तवा ठेवायची.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. आई रडली, सावरली. तेरवी नीट पार पडली, बगीचा चुलतभावाने सांभाळायला घेतला. मग या हिवाळ्यात एकदा मी माहेरी गेले असताना भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “चेहरा फोटोत आहे बेटा. आवाज जाऊन राहिला.”

तिचं म्हणणं होतं, तो रोज थोडा थोडा जातोय. शब्द आठवतात, पण ते बाबांच्या तोंडून येत नाहीत, तिच्याच आवाजात येतात. हे सांगताना ती इतकी घाबरलेली होती की मलाही धडकी भरली. मी सगळं घर धुंडाळलं. बाबांचा फोन साधा बटणांचा, त्यात काही नव्हतं. माझ्या लग्नाच्या सीडीत बाबा मांडवभर धावताना दिसतात, तोंड सारखं हलत असतं, पण व्हिडिओवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवून ठेवली आहेत. आई टीव्हीजवळ खुर्ची ओढून त्यांच्या हलत्या ओठांकडे पाहत बसली. मला ते बघवेना. मी नजर काढून घेतली, तर पडद्याच्या कोपऱ्यात मिस्त्री गिटारवर वाकलेले दिसले.

पांढुर्ण्याला परतले ती सरळ त्यांच्या दुकानात गेले. त्यांचं वय झालं आहे, पण हात अजून थरथरत नाही. माझ्या वडिलांचा आवाज काढता येईल का, म्हणून विचारलं. बाबा ते दोन शब्द कसे म्हणायचे, हे मी म्हणून दाखवणार होते. त्यांनी हातानेच मला थांबवलं, गिटारवरचं फडकं बाजूला केलं आणि कांडी तारांवर टेकवली.

दुकानात बाबा बोलले. वीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या मांडवात चहूकडून हाका मारणाऱ्यांना बाबा ‘येऊन राहिलो’ म्हणत धावत होते, ते त्या माणसाने तेवढ्या एका दिवसात कानात ठेवलं होतं. ‘राहिलो’च्या शेवटी बाबांना किंचित दम लागायचा, तो दमसुद्धा. मी बंद मशीनच्या फळीला धरून उभी राहिले. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीतही मनात वाहवा चाललीच होती.

सौसरला चला म्हटल्यावर मात्र ते नाही म्हणाले. बायको गेल्यावर तिची हाक त्यांनी अशीच वाजवून पाहिली होती. “तेव्हापासून ती मले गिटारवरच ऐकू येते,” ते म्हणाले. “खरी येतच नाही. तुमच्या आईपाशी जे थोडंसं उरलं, तेबी मी पुसून टाकीन.” मी म्हणाले, उरलेलं तसंही चाललंच आहे. मी हट्टी आहे. तीन दिवस शाळा सुटली की त्यांच्या दुकानात जाऊन बसले. चौथ्या दिवशी कंटाळून ते हो म्हणाले, पण चोरून काही करायचं नाही, आईला सगळं आधी सांगायचं, अशी अट घातली.

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. आईला सगळं माहीत होतं. तिने घरापुढच्या छपरीत गिटारसाठी जागा करून दिली, चहा दिला, पदर नीट करून खुर्चीवर बसली. रस्ता रिकामा होता. समोरच्या घरी दोरीवर वाळत घातलेलं धोतरसुद्धा हलत नव्हतं. मिस्त्रींनी एकदाच वाजवलं.

आई उठली. सगळं ठाऊक असून उठली. “आले का,” म्हणाली आणि आत गेली. तवा ठेवल्याचा आवाज आला. मी तिला हाक मारणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या सुनेने विचारलं, “काकाजी, लिंबं आनले का?”

बाबा बगीच्यातून तिच्यासाठी लिंबं आणायचे आणि भिंतीवरून द्यायचे. गिटारचं तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. कामाच्या नादात तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं असणार. मग तिचं तिलाच कळलं. पलीकडे बादली पडली आणि धाडकन दार लागलं.

मिस्त्रींचा हात तारांवर तसाच होता. फाटकाकडे बघायचं धाडस आम्हां दोघांनाही झालं नाही. आतून करपल्याचा वास यायला लागला तेव्हा मी गेले. आई परातीत हात ठेवून डोळे मिटून उभी होती, चेहरा शांत होता. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मिस्त्रींनाही तिने आग्रह करून वाढलं, पण त्यांनी ताट बाजूला सारून गिटार बांधायला घेतली.

महिन्याभराने आईचा फोन आला. मी शाळेच्या व्हरांड्यात होते. तिने सांगितलं की आता रोज दुपारी आवाज येतो, अगदी स्वच्छ. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली की तो बाबांचा नाही, गिटारच्या तारेचा आहे. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली होती ती, आजारपणात पाणी मागितलं ते, सगळं आता तारेतूनच ऐकू येतं.

मी डोळे मिटून बाबांना आठवून पाहिलं. माझ्यावर रागावताना, फोनवर जेवलीस का विचारताना. दर वेळी पोलादावरून घसरणारा सूरच आला. व्हरांड्यात पोरांचा गलका चालला होता, आणि मला त्यांच्यातच उभं राहावंसं वाटलं. मी आईची माफी मागितली. मिस्त्रींनी बजावलं होतं, चूक सगळी माझी, असं सांगितलं.



“माफी राहू दे,” ती म्हणाली. “त्या मिस्त्रींले विचार, रविवारी येता का म्हणून. त्यांनी ‘येऊन राहिलो’ एवढंच वाजवलं ना, म्हणून तुझे बाबा रोज फाटकापाशी येऊन तिथंच थांबून राहिले. त्यांले आता आत घ्या लागन.”