माझ्या चार बोटे जाड गोवऱ्या

भाकरी थापण्यापेक्षा गोवरी थापणे सोपे, असे मी एकदा बायकोला म्हणालो. लग्नाला वीस वर्षे झाली तरी कुठे गप्प बसावे हे मला उमगले नव्हते.

"मग थापा की," ती म्हणाली.

थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत आली होती. न्हाऊ घातल्यावर बाळ-बाळंतिणीला शेकायचे ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर. लाकडाचा धूर बाळाला सोसत नाही. मी गिरणीतला कारकून. रविवारी मागच्या तबेल्यातून शेण आणले, भुसा कालवला आणि वर थोडी अक्कलही घातली: गोवरी जितकी जाड, तितका निखारा टिकाऊ! चांगल्या चार बोटे जाड थापल्या. पाच वर्षांची धाकटी शेजारी बसून टाळ्या पिटत होती. वरून खडखडीत वाळल्या तेव्हा मी मिशीला पीळ भरला.

नातू झाला. पहिली आंघोळ आटोपली आणि बायकोने गोवरी फोडली. आत हिरवेगार, जणू म्हशीने आत्ताच टाकलेले.

"पेटेल गं," म्हणत मी फुंकू लागलो. खोलीभर धूर झाला, निखारा मात्र एक नाही. ऐन थंडीचे दिवस. ओल्या केसांनी लेक कुडकुडत होती, नातू टाहो फोडत होता. डोळे पुसत मी पळालो ते थेट शेजारच्या चाळीतल्या मासळीवालीच्या दारात.

"काय भाऊ, जात्याच्या तळ्यांवानी जाड गोवऱ्या पेटल्या न्हाईत व्हय?" ती पदर तोंडाला लावून हसली. "रोज बघत व्हते मी."

"मग सांगायचं नाही का, बाई?"

"शिकल्या माणसाला कोन सांगनार!"

पण बोलता बोलताच तिने आपल्या पातळ, हलक्या गोवऱ्यांनी टोपली भरली. कचेरीला जायला घातलेली पगडी काखेत मारून मी टोपली डोक्यावर घेतली आणि निघालो. वाटेत गिरणीचे चार लोक भेटले, त्यांनी अदबीने रामराम केला.

घटकाभरात शेगडी लालभडक झाली. ओव्याची धुरी दरवळली, लेकीचे दात वाजायचे थांबले. मुठी सैल सोडून नातू असा झोपला की आम्ही सगळे नुसते बघत राहिलो.

मग मी माझ्या गोवऱ्या गुपचूप उकिरड्यावर टाकायला उचलल्या.

"अहो, राहू द्या त्या," बायको म्हणाली. "धाकटीच्या बाळंतपणापर्यंत वाळतील."